मागच्या फळीतला माणूस

फुटबॉलच्या सामन्याची हकीकत निघाली, की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गोल कुणी केला?" हे साहजिकच आहे. पीक घरात आलं, कणगी भरली, की सगळ्यांना आनंद होतो. पण त्या पिकाची राखण करायला रात्र रात्र माळ्यावर कोण बसलं होतं, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात राहतं? फुटबॉलमध्ये ही राखणीची कामगिरी बचाव फळीकडे असते. अकरा जणांच्या संघात एक गोलरक्षक आणि त्याच्या पुढे तीन-चार गडी. प्रतिपक्षाने चेंडू आणला की तो अडवायचा, हिरावून घ्यायचा, दूर धाडायचा. नव्वद मिनिटे हे काम चोख केले तर त्या गड्याचे नाव कुणी घेत नाही. मात्र एकदा जरी पाय चुकला, तरी दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे त्याच्याच नावाने भरलेली असतात.

आज ज्या खेळाडूची मी आपल्याला ओळख करून देणार आहे, तो या मागच्या फळीतलाच गडी. हॉलंड ऊर्फ नेदरलँड्स या देशाचा रोनाल्ड कूमन. पण गंमत अशी, की मागे उभे राहणाऱ्या या माणसाने आपल्या खेळाच्या आयुष्यात दोनशेहून अधिक गोल केले. पुढे खेळ थांबल्यावर तो प्रशिक्षक झाला. त्या कामात त्याने चषक मिळवले, तशी नोकरीही अनेक वेळा गमावली. त्याच्या या दोन आयुष्यांतून एक प्रश्न उभा राहतो आणि शिक्षक बंधुभगिनींना तर तो रोजचाच आहे. जे आपल्याला उत्तम येते, ते दुसऱ्याला देता येते का?

रोनाल्डचा जन्म २१ मार्च १९६३ रोजी झान्दाम या गावी झाला. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला असलेला हा मुलूख पवनचक्क्यांबद्दल प्रसिद्ध आहे. खेळ घरातच होता. वडील मार्टिन कूमन हे स्वतः बचाव फळीत खेळत आणि हॉलंडच्या राष्ट्रीय संघातर्फे एक सामना खेळण्याचा मानही त्यांना मिळाला होता. थोरला भाऊ एर्विन दीड वर्षाने मोठा. वडिलांचा क्लब देशाच्या ईशान्येकडील ग्रोनिंगन या शहरातला, तेव्हा दोघे भाऊ तिथेच वाढले आणि तिथल्याच क्लबातून पुढे आले. १९८० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, रोनाल्ड ग्रोनिंगनच्या पहिल्या संघात उतरला. आपल्याकडे म्हणतात ना, बापाचं बी आणि घरचं खत! पण नुसत्या बियाण्याने पीक येत नाही. मशागत करावी लागते. ती पुढे झाली.

हॉलंड हा देश केवढा? एका दिवसात या टोकाकडून त्या टोकाला सहज जाऊन यावे एवढाच. पण तिथे फुटबॉलचे तीन मोठे क्लब आहेत. ॲमस्टरडॅमचा आयाक्स, रॉटरडॅमचा फायनूर्ड आणि आइंडहोव्हनचा पीएसव्ही. यांतील पीएसव्ही म्हणजे फिलिप्स कंपनीच्या कामगारांसाठी १९१३ साली निघालेला क्लब. होय, तीच फिलिप्स, जिच्या दिव्यांनी आणि रेडिओंनी एके काळी आपल्याकडची कितीतरी घरे उजळली आणि बोलती झाली. या तिन्ही क्लबांत हाडवैर. एकाचा माणूस दुसऱ्याकडे गेला, की गावात तोंड दाखवणे कठीण. रोनाल्ड १९८३ साली आयाक्सकडे आला, १९८६ साली पीएसव्हीकडे गेला आणि खेळाच्या अखेरीस फायनूर्डकडून खेळला. पुढे या तिन्ही क्लबांचा तो प्रशिक्षकही झाला. तिन्ही ठिकाणी खेळाडू आणि तिन्ही ठिकाणी प्रशिक्षक, असा तो पहिलाच.

आता बचाव करणारा माणूस एवढे गोल करतो कसा, ते पाहू. रोनाल्ड काही चपळ नव्हता. धावण्याच्या शर्यतीत प्रतिपक्षाची आघाडीची पोरे त्याला मागे टाकीत. पण त्याच्या उजव्या पायात दोन गुण होते. एक, चाळीस-पन्नास यार्डांवरच्या सोबत्याच्या नेमक्या पायात चेंडू टाकण्याचा. दुसरा, थांबलेल्या चेंडूवर तोफेसारखा तडाखा देण्याचा. प्रतिपक्षाने आगळीक केली की पंच 'फ्री किक' देतात. चेंडू जमिनीवर ठेवायचा, समोर गड्यांची भिंत, आणि त्या भिंतीला चुकवून गोल साधायचा. पेनल्टी असो की फ्री किक, चेंडू ठेवला की मैदानभर कुजबुज होई, "कूमन आला."

डच लोकांची खेळाची एक स्वतंत्र विचारसरणी आहे. रिनस मिशेल्स हे प्रशिक्षक आणि योहान क्रॉयफ हा असामान्य खेळाडू, या दोघांनी ती १९७० च्या आसपास जगापुढे मांडली. आघाडीच्या माणसाने फक्त गोल करायचे आणि मागच्याने फक्त अडवायचे, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. चेंडू मिळाला की हल्ल्याचा आरंभ मागच्या गड्यानेच करायचा. कूमन हा या विचाराचा चालताबोलता नमुना होता. तो चेंडू नुसता दूर भिरकावत नसे; मान वर करून कुणाला द्यायचा ते आधी पाही. राखणदार तर तो होताच, शिवाय पेरणीही त्याच्याच हातची.

१९८८ हे साल त्याच्या आयुष्यात सोन्याचे. त्या वर्षी पीएसव्हीने देशाची साखळी स्पर्धा जिंकली, देशाचा चषक जिंकला आणि युरोपियन चषकही जिंकला. शेवटच्या चषकाची कथा तर मोठी चमत्कारिक आहे. उपउपान्त्य फेरीपासून पुढचे पाचही सामने पीएसव्हीने जिंकले नाहीत आणि हरलेही नाहीत. सगळे बरोबरीत सुटले! फ्रान्सच्या बोर्दो क्लबाविरुद्ध आणि स्पेनच्या रेआल माद्रिदविरुद्ध परगावी केलेला गोल मोलाचा ठरला. २५ मे रोजी स्टुटगार्ट येथे पोर्तुगालच्या बेन्फिकाशी अंतिम सामना झाला, तोही जादा वेळ देऊनसुद्धा गोलाविना राहिला. निकाल पेनल्टीवर लागायचा होता. पीएसव्हीच्या सहाही जणांनी गोल साधला, बेन्फिकाच्या सहाव्या गड्याचा चेंडू गोलरक्षकाने अडवला आणि चषक आइंडहोव्हनला आला. राखण पक्की असली की काय होऊ शकते, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

महिनाभरातच राष्ट्रांची युरोपीय स्पर्धा पश्चिम जर्मनीत होती. हॉलंडचे प्रशिक्षक होते तेच वयोवृद्ध मिशेल्स. संघात मार्को व्हान बास्टन, रूड गुलिट, फ्रँक रायकार्ड असे मोहरे होते आणि कूमन बंधू दोघेही होते. २१ जून रोजी हॅम्बुर्ग येथे उपान्त्य सामना यजमान जर्मनीशीच पडला. या सामन्याला नुसता खेळाचा रंग नव्हता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी पाच वर्षे हॉलंड ताब्यात ठेवले होते, ती आठवण घराघरांत होती. शिवाय १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात म्युनिक येथे जर्मनीनेच हॉलंडला २-१ असे हरवले होते. ते शल्य चौदा वर्षे डच मनात सलत होते.

पेनल्टीवर जर्मनीने आघाडी घेतली. मग हॉलंडलाही पेनल्टी मिळाली. सगळ्या देशाचे डोळे ज्या पायाकडे लागले, तो पाय कूमनचा. त्याने डळमळू न देता गोल केला आणि बरोबरी झाली. दोन मिनिटे उरली असता व्हान बास्टनने विजयाचा गोल साधला. हॉलंडमध्ये लोक रस्त्यावर लोटले. चार दिवसांनी म्युनिकमध्येच सोव्हिएत संघाला २-० असे नमवून हॉलंडने आपले पहिले मोठे अजिंक्यपद मिळवले. पहिल्या गोलाच्या आधीचा चेंडू गोलासमोर टाकला होता थोरल्या भावाने, एर्विनने. त्याच वर्षी एर्विननेही बेल्जियमच्या मेखेलेन क्लबातर्फे युरोपियन चषकविजेत्यांचा चषक जिंकला होता. एका घरात, एका वर्षात, किती चषक!

पण श्रोते हो, हॅम्बुर्गच्या त्या संध्याकाळची दुसरीही एक गोष्ट आहे आणि ती वगळून पुढे जाणे योग्य होणार नाही. सामन्यानंतर खेळाडू एकमेकांचे सदरे बदलतात. तो सभ्यतेचा रिवाज आहे. कूमनने जर्मनीच्या ओलाफ थोनशी सदरा बदलला. मग आपल्या प्रेक्षकांसमोर जाऊन त्या सदऱ्याने पार्श्वभाग पुसत असल्याचा आविर्भाव केला. ते छायाचित्र जगभर गेले. पंचवीस वर्षांचा तरुण, विजयाचा कैफ, जुन्या वैराची धग, ही कारणे कुणी सांगेल. पण कारण म्हणजे समर्थन नव्हे. गोल ज्या पायाने केला तो पाय स्थिर होता; त्यानंतरचा हात मात्र सुटला. हा प्रसंग आपण ध्यानात ठेवू, कारण तीस वर्षांनी त्याच दोन देशांच्या सामन्यात याच्या अगदी उलट प्रसंग घडायचा होता.

१९८९ साली क्रॉयफने कूमनला स्पेनमध्ये बार्सिलोना क्लबाकडे बोलावून घेतले. त्या काळी एका सामन्यात तीनच परदेशी खेळाडू उतरवता येत. त्यामुळे या तीन जागा फार मोलाच्या असत. क्रॉयफने त्यातली एक जागा मागच्या फळीतल्या माणसाला दिली, यातच सगळे आले. पुढे १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षे बार्सिलोना स्पेनचा विजेता ठरला.

पण बार्सिलोनाच्या मनात एक खंत होती. एवढा मोठा क्लब, आणि युरोपियन चषक एकदाही हाती लागला नव्हता. दोनदा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन तो परत आला होता. २० मे १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इटलीच्या साम्पदोरिया क्लबाशी तिसरा प्रयत्न झाला. नव्वद मिनिटे संपली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. एकशे दहा मिनिटे उलटून गेली आणि गोलापासून वीस-पंचवीस यार्डांवर बार्सिलोनाला फ्री किक मिळाली. बल्गेरियाच्या स्टॉइचकॉव्हने चेंडू हलकेच सरकवला, बाकेरोने तो पायाखाली थांबवला आणि कूमन धावत आला. चेंडू भिंतीतून निघून, गोलरक्षक पाग्लिउका झेपावेपर्यंत जाळ्यात जाऊन पडलासुद्धा. एकच गोल. बार्सिलोनाचा पहिला युरोपियन चषक. त्या दिवशी बार्सिलोनाचे सदरेही योगायोगाने नारिंगी होते, हॉलंडच्या रंगाचे. त्या संघात मध्यभागी एकवीस वर्षांचा एक काटकुळा पोरगा खेळत होता, पेप ग्वार्दिओला. तो पुढे जगप्रसिद्ध प्रशिक्षक झाला.

कूमनच्या नावाने इंग्लंडमध्ये आणखी एक आठवण निघते आणि ती गोड नाही. १३ ऑक्टोबर १९९३ रोजी रॉटरडॅम येथे विश्वचषकाच्या पात्रतेचा सामना होता. इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट गोलाकडे सुसाट निघाला असता कूमनने त्याला मागून ओढून पाडले. नियमाप्रमाणे त्याला मैदानाबाहेर काढायला हवे होते. पंचांनी नुसती ताकीद दिली. थोड्याच वेळात त्याच कूमनने फ्री किकवर गोल केला. हॉलंड २-० असे जिंकले, १९९४ च्या विश्वचषकाला गेले आणि इंग्लंड घरी राहिले. राखणदाराच्या धंद्यात अशी वेळ येते. शेत वाचवायचे म्हणून कुंपणाबाहेर पाय टाकावा लागतो. पण तो टाकला, हे लोक विसरत नाहीत.

१९९७ साली फायनूर्डमध्ये त्याने खेळ थांबवला. राष्ट्रीय संघाकडून ७८ सामने आणि १४ गोल झाले होते. आणि मग दुसरे आयुष्य सुरू झाले.

खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यातला फरक वरवर लहान दिसतो. खेळाडूचा पाय त्याच्या हुकमात असतो. प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभा. फ्री किक मिळाली, कुठे मारायची हे त्याला दिसते आहे, पण मारायची दुसऱ्याने. ज्याला गणित झटकन सुटते, त्याला वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाचं कुठे अडलं आहे ते चटकन कळेलच असं नाही. किंबहुना आपल्याला सहज आलं म्हणूनच दुसऱ्याची अडचण कळत नाही. ही विद्या निराळी आणि ती वेगळी शिकावी लागते.

कूमनने ती खालच्या पायरीवरून शिकायला घेतली. १९९८ च्या विश्वचषकात तो हॉलंडचे प्रशिक्षक गस हिडिंक यांचा मदतनीस होता, नंतर बार्सिलोनात लुई व्हान गाल यांचा. २००० साली फिटेस या क्लबाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २००१ च्या डिसेंबरात आयाक्सचा. तिथे हाती तरणी पोरे होती. स्वीडनचा इब्राहिमोविच, डच स्नायडर, व्हान डर फार्ट. या मुलांना घेऊन त्याने पहिल्याच हंगामात साखळी आणि चषक दोन्ही जिंकले, २००४ साली पुन्हा साखळी जिंकली. मग वरिष्ठ झालेल्या व्हान गाल यांच्याशी बिनसले. व्हान गाल गेले. काही महिन्यांनी, २००५ च्या फेब्रुवारीत, कूमननेही राजीनामा दिला.

पुढच्या हंगामात पोर्तुगालच्या बेन्फिकाला घेऊन त्याने युरोपात मँचेस्टर युनायटेडला साखळी गटातूनच घरी धाडले आणि त्या वेळच्या विजेत्या लिव्हरपूलला दोन्ही सामन्यांत हरवले. पुढे गाठ पडली बार्सिलोनाशी, आणि बार्सिलोनाचा प्रशिक्षक कोण? १९८८ चा सोबती रायकार्ड. तिथे मात्र हार झाली. २००७ साली पीएसव्हीला त्याने विजेतेपद मिळवून दिले, तेही कसे? शेवटच्या दिवशी तीन क्लब सारख्याच गुणांवर होते. पीएसव्हीने आपला सामना ५-१ असा जिंकला आणि आयाक्सशी गुण सारखे होऊनही एका गोलाच्या फरकाने अजिंक्यपद पटकावले.

त्यानंतर उतार लागला. स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबात त्याने कर्णधारासह तीन जुन्या, मानाच्या खेळाडूंना बाजूला सारले. प्रेक्षक बिथरले, साखळीत संघ घसरत गेला. १६ एप्रिल २००८ रोजी संघाने स्पेनचा राजचषक जिंकला. पुढच्या साखळी सामन्यात ५-१ अशी हार झाली आणि चषक जिंकून आठवडाही झाला नव्हता तोच कूमनची नोकरी गेली! मग हॉलंडमधला एझेड क्लब. आदल्या वर्षीचा विजेता संघ. पण तिथेही काही महिन्यांतच, २००९ च्या डिसेंबरात, निरोप मिळाला.

एखाद्याने इथे हात टेकले असते. नाव मोठे, पैसा गाठीला, घरी बसून जुन्या गोलाच्या गोष्टी सांगत राहायला काय हरकत होती? पण २०११ साली फायनूर्डने हाक मारली आणि तो गेला. फायनूर्डची दशा त्या वेळी बघवत नव्हती. क्लब कर्जात, खेळाडू विकत घ्यायला पैसा नाही, आदल्याच हंगामात पीएसव्हीकडून १०-० अशी नामुष्की झालेली. हाती होती ती क्लबाच्या स्वतःच्या शाळेत वाढलेली पोरे. कूमनने त्यांनाच उभे केले आणि पहिल्याच वर्षी संघ दुसऱ्या क्रमांकावर आणला. तीन वर्षे तो तिथे राहिला आणि खरे फळ दिसले २०१४ च्या विश्वचषकात. आदल्या खेपेच्या विजेत्या स्पेनला हॉलंडने ५-१ असे झोडपले, तेव्हा मध्ये उभे असलेले तिघे राखणदार, फ्लार, द फ्रै आणि मार्तिन्स इंडी, हे तिघेही फायनूर्डमध्ये कूमनच्या हाताखालून गेलेले होते. हॉलंड त्या वेळी तिसरे आले. प्रशिक्षक व्हान गाल होते आणि श्रेय त्यांचेच. पण वरच्या वर्गात पहिला आलेल्या मुलाची पाटी खालच्या वर्गात कुणी गिरवून घेतली, हे शिक्षकांना सांगायला नको.

२०१४ साली तो इंग्लंडला साउदम्प्टन क्लबात गेला. तो जातो न जातो तोच क्लबाने आपले पाच नामांकित खेळाडू विकले. कूमनने काय करावे? सरावाच्या रिकाम्या मैदानाचे छायाचित्र काढून लोकांसाठी प्रसिद्ध केले आणि लिहिले, की आम्ही सरावाला तयार आहोत! कपाळाला हात लावण्याऐवजी त्याने हसून घेतले. भाऊ एर्विन मदतनीस म्हणून सोबत होताच. त्या वर्षी संघ सातवा आला, पुढच्या वर्षी सहावा. २०१५ साली स्कॉटलंडमधून एक उंचापुरा डच बचावपटू त्याने आणवला. त्याचे नाव व्हर्जिल व्हान डाइक. मागच्या फळीतल्या माणसाने मागच्या फळीतला माणूस ओळखला.

पुढे एव्हर्टन क्लबात पहिले वर्ष बरे गेले आणि दुसऱ्या वर्षी, २०१७ च्या ऑक्टोबरात, पुन्हा बडतर्फी. पण २०१८ च्या फेब्रुवारीत राष्ट्राने बोलावले. हॉलंडचा संघ तेव्हा लागोपाठ दोन मोठ्या स्पर्धांना मुकला होता. कूमनने कर्णधारपद व्हान डाइककडे सोपवले. त्या वर्षीच्या शरद ऋतूत हॉलंडने जर्मनीला ३-० आणि जगज्जेत्या फ्रान्सला २-० असे हरवले.

आणि आला १९ नोव्हेंबर २०१८ चा दिवस. जर्मनीतील गेल्झेनकिर्शेन येथे पुन्हा हॉलंड आणि जर्मनी. पाच-सहा मिनिटे उरली तरी हॉलंड ०-२ असे मागे. कूमनने व्हान डाइकला मागून काढून थेट आघाडीवर धाडले. आधी एक गोल फिटला आणि नव्वदाव्या मिनिटाला व्हान डाइकनेच दुसरा फेडला. राखणदाराने गोल केला, अगदी आपल्या गुरूसारखा! बरोबरी झाली आणि हॉलंड गटात पहिले आले.

पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. शिट्टी वाजल्यावर सोबती आनंदाने उड्या मारीत होते. व्हान डाइकच्या ध्यानात आले, की रुमानियाहून आलेल्या पंचाच्या डोळ्यांत पाणी आहे. त्यांच्या आईचे निधन झाले होते. कर्णधार आपला विजयोत्सव सोडून त्यांच्याजवळ गेला, त्यांना कवटाळले आणि धीराचे चार शब्द बोलला. तीस वर्षांपूर्वी याच दोन देशांच्या सामन्यानंतर, याच जर्मन भूमीवर, एका डच बचावपटूने प्रतिपक्षाच्या सदऱ्याचा अपमान केला होता. आता तो बचावपटू प्रशिक्षकाच्या जागी होता आणि त्याने निवडलेला कर्णधार परक्या पंचाचे अश्रू पुसत होता. हे कूमनने त्याला शिकवले, असे मी म्हणणार नाही. तो चांगुलपणा त्या माणसाचा स्वतःचा. पण कर्णधार कुणाला करायचे ही निवड कूमनची होती. शिष्य आपल्याहून सरस निवडावा, एवढे त्याला निश्चित कळले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०१९ साली राष्ट्रांच्या साखळी स्पर्धेत हॉलंड अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि पोर्तुगालकडून १-० असे हरले. २०२० च्या मे महिन्यात कूमनला हृदयविकाराचा त्रास होऊन इस्पितळात जावे लागले. त्यातून उठतो न उठतो तोच, ऑगस्टमध्ये, त्याच्या लाडक्या बार्सिलोनाने हाक मारली. क्लब कर्जात बुडालेला, संघ नुकताच ८-२ असा हरलेला. जाणत्यांनी नको म्हटले असते, तो गेला. २०२१ च्या एप्रिलात त्याने राजचषक मिळवून दिला, तरी त्या ऑगस्टमध्ये पैशाच्या अडचणीमुळे मेस्सीसारखा मोहरा क्लब सोडून गेला आणि २७ ऑक्टोबरला कूमनचीही नोकरी गेली. वेम्बलीचा गोल त्याला तिथे वाचवू शकला नाही. मात्र जाण्यापूर्वी पेद्री आणि गावी या कोवळ्या पोरांना त्याने मोठ्या संघात खेळवले होते. २०२४ साली स्पेनने युरोपचे अजिंक्यपद जिंकले, त्या संघात पेद्री होता. त्याच स्पर्धेत कूमनचे हॉलंडही उपान्त्य फेरीपर्यंत पोचले होते. २०२३ च्या आरंभी राष्ट्रीय संघाची धुरा त्याने पुन्हा घेतली होती. डॉर्टमुंड येथे इंग्लंडने शेवटच्या क्षणी गोल करून त्यांना २-१ असे हरवले.

श्रोते हो, हिशेब मांडायचा तर खेळाडू कूमनच्या खात्यावर जमाच जमा दिसते. प्रशिक्षक कूमनचे खाते जमाखर्चाचे आहे. पायातली कला त्याला कुणाला देता आली नाही. तो तडाखा दुसऱ्या कुणाच्या पायात उतरला नाही. पण कोणाला कुठे उभे करायचे, कोवळ्या पोरावर कधी विश्वास टाकायचा, आणि कामावरून काढल्यावरही दुसऱ्या दिवशी मैदानावर कसे यायचे, हे त्याने पुष्कळांना दिले. शाळेतल्या गुरुजींचेही असेच असते. विद्यार्थ्याची अंकलिपी त्यांच्या हातची असते. पुढची सही त्याची स्वतःची. पुढच्या वेळी फुटबॉलचा सामना पाहण्या-ऐकण्याचा योग आला, की गोल कुणी केला हे जरूर विचारा. मात्र चेंडू मागून कुणी धाडला, तेही विचारायला विसरू नका.